पंचमीचा तवा

खालच्या मजल्यावर जिम आली तेव्हा आवडाबाईला वाटलं, आता आपली झोप गेली. आधी तिथं एका मंडपवाल्याचं गोदाम होतं. सतरंज्या, पितळी समया, नवरदेव-नवरीच्या लाल खुर्च्या, सगळं मुकाट्यानं धूळ खात पडलेलं. मग गोदाम रिकामं झालं, भिंतींना आरसे लागले, टेम्पोभर लोखंड आलं, अन् सकाळ-संध्याकाळ वजन जमिनीवर टेकल्याचा धप्प आवाज वर तिच्या स्वयंपाकघराच्या फरशीपर्यंत यायला लागला. पहिला आठवडाभर तिनं मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग रविवार आला. जिम बंद. घर इतकं गप्प झालं की खाली सगळं ठीक आहे ना, हे बघायला ती दोनदा खिडकीत जाऊन आली.

गारखेड्यातलं हे दोन खोल्यांचं घर तिच्या नवऱ्यानं, पुंजारामनं, वाळूजच्या कंपनीत तीस वर्षं शिफ्टा करून घेतलेलं. शिफ्टा त्यानं केल्या, पण पाळल्या दोघांनी. त्याची पहिली पाळी असली की आवडाबाई पहाटे भाकरी थापायची, दुसरी असली की मध्यरात्री त्याच्यासोबत जेवायची, तिसरी असली की सकाळी तो आल्यावर दोघं न्याहारीलाच जेवण म्हणायची. तिच्या पोटाला स्वतःचं घड्याळ कधी नव्हतंच. कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी थांबली की तिला भूक लागायची. चार वर्षांमागं पुंजाराम गेला. बस अजून थांबते, दुसरी माणसं उतरतात. भूक मात्र तेव्हापासून बसमधून उतरलीच नाही.

आता हे कुणाला सांगावं? सांगण्यासारखं आहे तरी काय त्यात? माणूस गेलं म्हणून जेवण सोडलं असं तिनं काही केलं नव्हतं. चहा व्हायचा, टोस्ट व्हायचे. कधी मुठीत शेंगदाणे, कधी ओट्यापाशी उभ्या उभ्या दूध-पाव. फक्त ताट वाढून बसणं राहिलं. ती खुलताबादकडच्या शेतकऱ्याघरची लेक. माहेरी बायकांची पंगत शेवटी बसायची पण सगळ्या मिळून बसायच्या, भांडण झालेल्या जावासुद्धा. आई म्हणायची, एकटं ताट दोघांनाच वाढतात, बाळंतिणीला नाहीतर गेलेल्याला. पुंजारामच्या तेराव्यानंतर पाहुणे पांगले, त्या दुपारी तिनं एकटीचं ताट वाढलं, समोर ठेवलं, अन् तिला ते आपलं वाटेना. त्याच्यावर झाकण ठेवून ती उठली, ती उठलीच.

मग मागच्या उन्हाळ्यात न्हाणीघरात पाय सरकला. पडायचं ते पडली, वर मनगट मोडलं. प्लास्टर काढताना डॉक्टरांनी एक्सरेचा फोटो उजेडात धरला न् म्हणाले, "हाडं पापडीसारखी झालीत, मावशी. पोटभर खा, अन् वजन उचला."

"आजपर्यंत काय फुलं येचली व्हय मी? घागरी, मोळ्या, सिलेंडर..."

"ते ओझं होतं. हे वजन," डॉक्टर म्हणाले. मोठा शहाणा माणूस.

पोरगा बद्रीनाथ चाकणहून आला होता. त्यानं तिथंच सांगून टाकलं, "आई, आणखी एकदा पडली ना, मग तू माझं ऐक नायतर नको ऐकू, पण मी तुझं ऐकणार नाय. घराला कुलूप घालायचं अन् चाकणला यायचं."

पोरगा वाईट नव्हता, सूनही नव्हती. पण आवडाबाई चाकणला एक महिना राहून आलेली होती. अकरावा मजला. दोघं सकाळी कामावर, नातू शाळेत. खिडकीतून समोर दिसायच्या त्या दुसऱ्या खिडक्या. दिवसभर लिफ्ट वर जायची, खाली यायची, त्यांच्या मजल्यावर थांबायची नाही. इथल्या एकटेपणाला निदान तिच्या ओळखीचे कोपरे होते. तिथला एकटेपणा भाड्याचा वाटायचा. म्हणून ती ठरवून टाकून बसली, पडायचं नाही. अन् पडायचं नसेल तर खालच्या मजल्यावर जायचं.

जिमच्या दारावर मोठ्या अक्षरांत 'सॅन्डी फिटनेस' लिहिलेलं. आत तिशीचा पोरगा, दंड असे की बनियनची बाही रडकुंडीला आलेली.

"नाव काय बाबा तुझं?"

"सॅन्डी."

"आईनं ठेवलेलं का?"

पोरानं इकडंतिकडं पाहिलं. आवाज खाली आणला. "सांडू."

"मग असं म्हण ना. आमच्या चुलत दिराचं नाव सांडूच व्हतं. लई गुणी माणूस. कुठला तू?"

"सिल्लोडकडचा, मावशी. पण इथं कुणाला सांगू नका."

"नाव का गाव?"

"दोन्ही."

तिनं कुणाला सांगितलं नाही. बायकांची बॅच दुपारी चारची. सातआठ जणी यायच्या. त्यात समोरच्या इमारतीतल्या भानुमतीबाई, नवरा बँकेतून निवृत्त, मुलगी परदेशात, कानात गाण्याच्या तारा न् तोंडात कायम ओट्स. त्याही त्याला 'सॅन्डी सर' म्हणायच्या. एकटी आवडाबाई हळूच 'सांडू' म्हणायची, अन् त्या नावाला तो 'सॅन्डी'पेक्षा लवकर वळून पाहायचा.

पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना ओळीत उभं करून खाण्यावर भाषण दिलं. "उपाशी पोटी लोखंडाला हात लावायचा नाय. लोखंडाला उपाशी माणूस लगेच कळतो. बॅच चारची, तर दीडच्या सुमाराला नीट जेवण पायजे, त्यात कार्ब पायजेच. नाय जमलं, तर अर्धा-पाऊण तास आधी एखादं केळं नाहीतर गुळाचा खडा. अन् व्यायाम झाला की घरी जाऊन परत खायचं. कार्ब बी, प्रोटीन बी."

"कार्ब म्हंजी काय रं?" आवडाबाईनं विचारलं.

"भाकरी, भात, केळं, रताळं."

"मग भाकरी म्हण की. तिला कशाला शाळंत घातलं?"

बायका हसल्या. सांडूही हसला. पण त्यानं एक वाईट खोड लावून घेतली होती. बॅच सुरू होण्याआधी तो एकेकीसमोर थांबून विचारायचा.

"मावशी, जेवल्या का?"

"जेवले की."

"काय जेवल्या?"

इथं आवडाबाई अडली. जेवलीस का हे तिला सगळं जग विचारायचं. बद्री फोनवर रोज विचारायचा, जिन्यात भेटणारी शेजारीण विचारायची, दूधवालासुद्धा विचारायचा. जेवले म्हटलं की जग पुढं जायचं. काय जेवलीस, हे चार वर्षांत कुणी विचारलेलं नव्हतं. त्या 'काय'ला उत्तर तयार नव्हतं, म्हणून तिनं आठवणीत हात घातला न् जे हाताला लागलं ते काढून दिलं.

"बाजरीची भाकरी. वांगं भाजून भरीत केलं, कांद्याची पात घालून. वर कच्चं तेल. अन् ताकात मीठ-जिरं."

"बापरे," सांडू म्हणाला, अन् त्याच्या गळ्याची घाटी खाली-वर झाली.

तिथून ते लागलं. चोरी एकदा पचली की चोर ती कला समजायला लागतो, तसं झालं. दुपारी दीड वाजता, जेव्हा भाकरी थापायची तेव्हा, आवडाबाई चहाचा कप घेऊन खिडकीत उभी राहायची न् आज आपण काय जेवलो ते ठरवायची. शिळ्या भाकरीचा काला, मिरचीचा ठेचा. येसराची आमटी, वर वाफाळता भात. धपाटे अन् दही. ज्वारीच्या कण्या. मनातल्या मनात ती फोडणी करायची, मीठ बघायची, कधी एखादी भाजी बदलायची, कारण परवाच सांगितलेली असायची. स्वयंपाक करायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ तो सांगायच्या तयारीत जायचा. चार वाजता ती खाली उतरायची तेव्हा तिच्या पोटात चहा अन् तोंडात अख्खं जेवण असायचं.

बायका भोवती जमायच्या. "अहो, तुमचं ऐकूनच माझं किलोभर वाढतं," भानुमतीबाई कानातली तार काढून म्हणायच्या. सांडू सगळ्यांना बजावायचा, "बघा, याला म्हणतात खाणं. मावशीसारखं वेळच्या वेळी खा." आवडाबाई मान खाली घालायची. लोकांना ती विनयाची वाटायची.

एकदा बोलण्याच्या भरात ती म्हणून गेली, "आम्हाला जेवायला जरा उशीर झाला आज." आम्हाला. बायकांच्या लक्षात आलं नाही. सांडूनं तिच्याकडं एकदा पाहिलं न् दुसरीकडं वळला.

पण लोखंड काही बायकांसारखं भोळं नसतं. सुरुवातीला नुसता रिकामा बार उचलताना ती थरथरायची, मग त्याला छोट्या प्लेटा लागल्या, मग जमिनीवरून तीस किलो उचलून ती ताठ उभी राहिली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्यापुढं गाडी हलेना. आषाढ गेला. तीसच. उलट एक दिवस बार खाली ठेवताना डोळ्यांपुढं काळे ठिपके आले. तिनं आरशाला हात टेकला. आरशातल्या बाईनंही तिला हात टेकला, अन् त्या बाईमागं तिला चाकणची लिफ्ट दिसली, वर जाणारी.

"मावशी, काय झालं?"

"काय नाय. घाम डोळ्यात गेला."

सांडू डोकं खाजवायचा. "एवढं खाता, अन् अंगाला लागंना. जातं कुठं?"

"म्हाताऱ्या अंगाला काय लागतंय, बाबा."

"नाय नाय. माझंच काहीतरी चुकायलंय." मग त्यानं तिचे व्यायाम बदलून पाहिले, मध्ये विश्रांती वाढवली, कुणाकुणाला फोन करून विचारलं. त्या पोराला असं स्वतःच्या चुका धुंडाळताना पाहिलं की तिला खोटं बोलल्याची खरी लाज वाटायची. आज सांगून टाकू असं म्हणत ती खाली यायची. मग तो समोर यायचा, "काय जेवल्या?" म्हणायचा, अन् त्याच्या डोळ्यांत असं काही दिसायचं की तिच्या तोंडून आपोआप डाळ-बट्टी निघायची. त्या दोन मिनिटांत तिचं घर भरलेलं असायचं. चूल पेटलेली असायची. ते कोण हातचं घालवील?

श्रावणात बॅच अर्धी होते. कुणाचा सोमवार, कुणाचा शनिवार, कुणाकडं सत्यनारायण. त्या दिवशी तर तिघीच आलेल्या. आवडाबाईला वाटलं, असेल कुणाकडं काही. गल्लीत सकाळी लाह्या-दुधाची आरोळी ऐकू आली होती बहुतेक, तिनं लक्ष दिलं नव्हतं. घरात भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मागच्या महिन्याचंच होतं. उलटायला कुणी सांगितलं नव्हतं.

सांडूनं बारला प्लेटा चढवल्या. "आज पस्तीस, मावशी. आज निघणार म्हंजी निघणार. काय जेवल्या?"

तिनं तयारी केलेलीच होती. साधं, सुटसुटीत, पस्तीस किलोला साजेसं. "ज्वारीच्या दोन भाकरी, तव्यावरून उतरल्या तशा ताटात. अन् भेंडीची भाजी. बारीक चिरून, लसूण घालून, अशी कुरकुरीत केली."

"भेंडी मला नाही चालत, बुळबुळीत लागते," भानुमतीबाई म्हणाल्या न् कानात तारा घालून चालायच्या पट्ट्यावर गेल्या. तिसरी बाई कोपऱ्यात आरशासमोर केस बांधत होती.

सांडू वाकला, बारच्या एका टोकाची प्लेट काढली, भिंतीशी ठेवली. मग दुसऱ्या टोकाची.

"का रं? काढतो का?"

त्यानं वर न पाहता, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हटलं, "मावशी, आज पंचमी हाय."

आवडाबाईचे हात बारकडं जाता जाता हवेत राहिले.

नागपंचमी. तिच्या मुलखात त्या दिवशी चुलीवर तवा चढत नाही. तवा म्हणजे नागाचा फणा, तो भाजायचा नसतो. विळी-सुरीला हात लागत नाही, काही चिरायचं नाही, तळायचं नाही, रानात औत घालायचं नाही. जे खायचं ते वाफेवर उकडलेलं. लहान पोरालाही ठाऊक असतं. ज्या घरात बाई आहे, त्या घरात आज भाकरी भाजली जात नाही, भेंडी चिरली जात नाही. अन् हा सिल्लोडकडचा पोरगा. दारावर काहीही लिहो, त्याच्या आईनं त्याला हेच सांगून वाढवलेलं.

तिला आधी लाज वाटली ती खोट्याची नाही. पंचमी आली अन् आपल्याला कळलं नाही, याची. माहेरी आदल्या दिवशी मेंदी लावून हात फडक्यात बांधून झोपायचो, सकाळी कुणाची जास्त रंगली यावर भांडायचो, अन् आज ही पंचमी आपल्या दारावरून गेली, आत कुणी आहे असं तिला वाटलंही नाही. नंतर दुसरी लाज वर आली. आता दोनच वाटा होत्या. तवा ठेवला असं म्हणायचं, म्हणजे पंचमीला नागाचा फणा भाजणारी बाई व्हायचं. नाहीतर खरं सांगायचं. आवडाबाईनं उभ्या उभ्या दोन्ही लाजा तोलून पाहिल्या. तव्याची लाज तिच्या आईपर्यंत जात होती. खोट्याची तिच्यापाशीच थांबत होती.

"तवा नाय ठेवला मी," ती म्हणाली. "तसलं काय मनात आणू नको."

"मग भाकरी?"

"भाकरी बी नाय."

"भेंडी?"

"घरात भेंडीच नाय रे."

सांडूनं विचारलं, "काल धपाटे?"

तिनं मान हलवली.

"परवाची डाळ-बट्टी?"

"नको इचारू आता," ती म्हणाली. "तुझी काही चूक नाय, एवढं ध्यानात ठेव. तू शिकवलं ते बरोबर. मी तुला फुकट दमवलं."

तो रागवेल असं तिला वाटलं. चिडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, मागच्या कोपऱ्यात जिथं जड प्लेटांचा ढीग असतो तिथं गेला, अन् एक स्टीलचा डबा घेऊन आला. आत चार उकडलेली रताळी होती, सालासकट, मीठ शिंपडलेली.

"केटलीत उकडली. खोलीवर तवा तसा बी नाय," तो म्हणाला. "पण पंचमीला मी तो नसलेला बी चढवत नाय."

तिला हसू आलं, अन् हसताना डोळ्यांत भलतंच आलं. त्यानं एक रताळं उचललं. सुरी लावली नाही, हातानंच मोडलं, वाफ केव्हाच गेलेली होती. अर्धं तिच्या हातावर ठेवलं.

"खा. मग अर्धा तास बसायचं. मग उचलायचं."

"तू खा की. तुझं जेवण हाय ते."

"खातो ना. मी रोज इथंच खातो, तीनला. आज तुमच्यासाठी थांबलो समजा."

ढिगाशेजारी रबरी चटई होती, तिच्यावर तो मांडी घालून बसला. तीसुद्धा बसली, गुडघा धरत धरत. समोर आरसा होता, मागं आरसा होता. तिनं पहिला घास तोंडात घेतला न् सहज मान वर केली, तर समोर दोघं जेवत होती. त्यांच्यामागं आणखी दोघं, त्यांच्यामागं आणखी. आरशातल्या आरशात पंगत लांबवर गेलेली, अंधुक होत होत पार शेवटाला, जिथं माणसं ओळखू येत नाहीत पण जेवताना दिसतात.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. "तू रोज इथंच बसतो? या दोन आरशांच्या मधी?"

"व्हय," सांडू म्हणाला. रताळ्याचं साल सोलण्यात तो फार गुंतला होता. "इथं बरं पडतं."

आणखी काही ती विचारू शकली असती. गावाकडं कोण कोण आहे, लग्नाचं काय, आई डबा का नाही पाठवत. नाही विचारलं. ज्याची पंगत त्याच्यापाशी. दोघांनी गुपचूप खाल्लं. रताळं गोड होतं, जरा दोरे निघत होते. भानुमतीबाई पट्ट्यावर चालत चालत कुठंही न जाता दमत होत्या.

अर्ध्या तासानं त्यानं बारला प्लेटा लावल्या. तीसच्याच.

"पस्तीस म्हणला व्हता."

"पस्तीस भाकरीला. रताळ्याला तीस." मग म्हणाला, "उद्यापासून इचारीन तेव्हा चहा असंल तर चहा सांगा, मावशी. मी चहाला रिकामा बार लावीन. पण सांगा खरं. पडल्या तर माझ्या हातून पडाल."

पडल्या तर. बस, तेवढं त्यानं म्हटलं. त्याला चाकण ठाऊक नव्हतं, अकरावा मजला ठाऊक नव्हता. आवडाबाई वाकली, पकड घट्ट केली, श्वास भरला, अन् तीस किलो उचलून उभी राहिली. ठिपके आले नाहीत. बार खाली ठेवताना आवाज झाला, धप्प. वर आपल्या रिकाम्या स्वयंपाकघरात हा कसा ऐकू गेला असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं.

घरी आल्यावर तिनं आधी कॅलेंडरचं पान उलटलं. पंचमीच्या चौकटीत नागाचं छोटं चित्र होतं. मग ओट्यासमोर उभी राहिली. तवा खिळ्याला टांगलेला. कडेला तांबूस गंज चढला होता. रोज हात लागणाऱ्या लोखंडाला गंज चढत नाही, हे खालच्या बारवरून तिला आता कळत होतं. उद्या घासू, ती म्हणाली. आज तुझी सुट्टी.

हरभऱ्याची डाळ डब्यात होती, किडे नव्हते हे नशीब. डाळ शिजवली, गूळ घातला, पुरण आटवलं, वेलदोडे कुटले. कणीक मळली. लाटीवर पुरण ठेवून चारी बाजूंनी घडी घातली न् चाळणीत मांडून वाफेला लावली. पंचमीची दिंडं. घरात गुळाचा वास सुटला तशी भिंती जरा जवळ आल्यासारख्या वाटल्या. पाटावर हळदी-कुंकवानं नाग काढला, वाकडाच आला, बद्री लहानपणी काढायचा तसा. त्याला दूध दाखवलं, दिंडाचा नैवेद्य दाखवला, उशीर झाला म्हणून हात जोडले.

मग चाळणी उघडली तेव्हा लक्षात आलं, दिंडं सहा जणांची झालीत. हाताला एकटीचं माप कधी माहीतच नव्हतं.

तिनं ताट घेतलं. एक घेतलं. हात दुसऱ्या ताटाकडं गेला होता, पुंजारामच्या, ते तिनं फळीवरून अर्धं सरकवलं न् परत मागं ढकललं. ते मांडलं असतं तर आईच्या हिशेबानं ते गेलेल्याचं झालं असतं, अन् आपण त्याच्या पंगतीला बसलो असतो. तिथं बसायची अजून घाई नव्हती. अजून पस्तीस उचलायचे होते. बाळंतिणीचं म्हणावं तर तेही हसण्यासारखंच. मग हे एकटं ताट कुणाचं? बराच वेळ ते हातात धरून ती उभी राहिली. शेवटी व्यायाम झालेल्या माणसाचं, असं म्हणून तिनं ते जमिनीवर ठेवलं. आईला हा तिसरा प्रकार ठाऊक नव्हता, तिचा दोष नाही.

दोन दिंडं वाढली. वर तूप. बसली.

घर होतं तसंच होतं. समोर आरसा नव्हता, भिंत होती, भिंतीवर गॅसच्या धुराचा डाग. घास हातात धरून ती बसून राहिली. काही केल्या हात वर उचलेना. खाली तीस किलो उचलणारा हात.

खालून आवाज आला. धप्प. पुरुषांची संध्याकाळची बॅच सुरू झाली होती. कुणीतरी कुठलंसं वजन उचललं होतं न् खाली ठेवलं होतं. थोड्या वेळानं परत, धप्प. फरशीतून तो आवाज तिच्या मांडीपर्यंत आला, कुणी शेजारी पाट सरकवून बसावं तसा. तिनं घास तोंडात घातला.

गूळ जरा जास्त झाला होता. पुंजारामला असाच लागायचा.

दुसरा घास घेतला तेव्हा फोन वाजला. बद्री. रोज याच वेळेला, कंपनीतून निघताना, गाडी सुरू करायच्या आधी.

"आई, जेवली का? बरं ऐक, त्या विम्याचा कागद..."

"जेवायलेय," आवडाबाई म्हणाली.

पलीकडं तो बोलता बोलता थांबला. चार वर्षांत या प्रश्नाला हे उत्तर आलेलं नव्हतं. "आत्ता?"

"व्हय, आत्ता. मागून लाव."

तिनं फोन पालथा घातला न् ताटाकडं वळली. दिंडावरचं तूप थिजायला लागलं होतं.